काजवालीचं पोस्टर

फोटोवाल्यानं अंगठ्यानं सहाशे बारावा फोटो पुढं ढकलला, सहाशे तेरावा पाहिला आणि मान वर न करताच विचारलं,

"मावशी, यात तोंड कुठंय?"

"कुणाचं?"

"आता कुणाचंही चालेल."

मावशीनं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि आपल्याच मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. एक कॉलर होती. कॉलरीला टाचलेली चिठ्ठी होती : दृश्य १४, वरचं बटण उघडं. पुढच्या फोटोत बाही, दोन घड्या. त्यापुढं अर्धा पाण्याचा ग्लास. मग एक कान, केस मागे. मग पुन्हा बाही, दुसऱ्या बाजूनं.

"बाही नीट दिसतेय ना?"

"बाही फारच सुंदर दिसतेय."

"मग झालं तर!"

पण झालं नव्हतं, तिथंच तर सगळं अडलं होतं. मंगळवारचे साडेअकरा वाजले होते आणि चार वाजता छापखान्यात पोस्टर पोचायचं होतं. चार म्हणजे चार. छापखानेवाला पाच मिनिटंही थांबणार नव्हता, आणि थिएटरचे मालक त्याहून वस्ताद. त्यांनी मावशीच्या भाचीच्या सिनेमाला रोज सकाळी अकराचा एक खेळ दिला होता, तोही अट घालून. बुधवारी पोस्टर भिंतीला लागलं पाहिजे, आणि शनिवारच्या पहिल्या खेळाला निम्म्या तरी खुर्च्या भरल्या पाहिजेत. नाही भरल्या तर रविवारपासून राम राम. भाचीनं चार वर्षं या सिनेमापायी रात्रीचा दिवस केला होता. आता ती मावशीच्या शिवणाच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलावर बसून नखं खात होती. सिनेमाचं ऑफिस म्हणून वेगळी जागा नव्हतीच. कापायचं टेबल हेच ऑफिस.

सिनेमाचं नाव 'तक्रार नाही'. एक बाई असते. ती तक्रारीच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांची गाऱ्हाणी लिहून घेते, आणि एक दिवस घरी जाऊन बोलणंच बंद करते. बस, एवढीच गोष्ट. मावशीकडं त्यात दोन कामं होती. एक कपड्यांचं आणि दुसरं जुळणीचं. सिनेमा सलग काढत नाहीत, आज शेवट तर उद्या सुरुवात असा उलटासुलटा कारभार असतो. म्हणून आज बाहीला दोन घड्या असतील तर आठ दिवसांनी त्याच प्रसंगाचा उरलेला भाग काढतानाही दोनच असायला हव्यात. मावशीनं त्यासाठी अकराशे फोटो काढून ठेवले होते. जे बदलू शकतं त्याचेच फोटो काढायचे, हा तिचा साधा हिशेब. बटण बदलतं, घडी बदलते, ग्लासातलं पाणी बदलतं. तोंड कशाला बदलतंय? ते तर तिथंच असतं. म्हणून अकराशे फोटोंत तोंड एकही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, सिनेमाला फोटो काढणारा वेगळा माणूस नव्हता का? होता की. हाच तो, समोर बसलेला. पहिल्या दिवशी ऐटीत कॅमेरा गळ्यात अडकवून आला होता. दुसऱ्या दिवशी आवाज टिपणाऱ्याचा मदतनीस तापानं फणफणला, आणि भाचीनं फोटोवाल्याच्या हातात माइकची लांब काठी दिली. "आजचा दिवस धर," असं म्हणाली होती. अठरा दिवस ती काठी त्याच्या हातातून सुटली नाही. आणि अठरा दिवस प्रत्येकाला वाटत राहिलं की फोटो दुसरं कुणीतरी काढतंय.

"सिनेमातलाच एखादा क्षण उचलून मोठा करता येत नाही का?" भाचीनं चौथ्यांदा विचारलं.

"केला की. सकाळीच केला. खिडकीच्या काचेमागं अंधारात बसवलंयस तू तिला. पडद्यावर झकास दिसतं. भिंतीएवढं केलं की तोंडाचा नुसता धूर होतो."

"आणि आज आलेला फोटो?"

फोटोवाल्यानं तो दाखवला. सिनेमातली बाई सध्या परगावी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. निरोप मिळताच तिनं जावयाकडून घाईघाईनं फोटो काढून पाठवला होता. अंगात लेकीचा फुलाफुलांचा स्वेटर, मांडीवर नातू, आणि बत्तिशी अशी बाहेर की तक्रार नाही ती नाहीच.

भाचीला हसू आलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणीही आलं.

या बाईचं सांगायलाच हवं. ती नटी वगैरे काही नव्हती. बारा वर्षं मावशीच्या दुकानात काजं, बटणं आणि हातशिलाई करायची. सगळे तिला काजवाली म्हणत. भाची एकदा कपडे ठरवायला दुकानात आली, सुईत दोरा ओवणाऱ्या काजवालीकडं पाच मिनिटं टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, माझी बाई मिळाली." काजवालीनं आधी नाही म्हटलं, मग घाबरून हो म्हटलं. घरी सांगितलं तेव्हा तिच्या नणंदेनं पदरानं तोंड झाकून हसून घेतलं होतं. "तू आणि सिनेमात? चहा द्यायला ठेवलं असेल." काजवाली उलट बोलणाऱ्यातली नव्हे. तिनं दुसऱ्या दिवशी दुकानात काज करता करता फक्त विचारलं,

"मावशी, सिनेमाचं ते मोठं चित्र लागतं ना भिंतीवर? त्यात मी असेन?"

"तू नाहीस तर कोण असेल?" मावशी म्हणाली होती. "माझा शब्द आहे."

मावशीचा शब्द म्हणजे मावशीचा शब्द. ज्या दिवशी कपडे देते म्हणायची त्याच दिवशी द्यायची. म्हणून आज ती भाचीपेक्षाही जास्त वेळा घड्याळाकडं बघत होती.

बाराच्या सुमारास प्रसिद्धीवाली आली. सिनेमाची जाहिरात, बातम्या, पत्रकं सगळं तीच बघत होती. हुशार मुलगी, पण कायम बस सुटत असल्यासारखी बोलायची. आल्या आल्या तिनं पिशवीतून एक चकचकीत फोटो काढून कापायच्या टेबलावर ठेवला. मोठा नट होता तो. हाताची घडी, डोक्यावरून प्रकाश, नजर लांब कुठंतरी डोंगराकडं. भाचीवरच्या लोभापायी त्यानं सिनेमात डॉक्टरचं काम केलं होतं. दोन मिनिटांचं. नाडी बघून "विश्रांती घ्या" म्हणतो आणि जातो.

"हा टाकू," प्रसिद्धीवाली म्हणाली. "मोठा, मधोमध. खाली सिनेमाचं नाव. दीड तासात तयार."

"तो दोन मिनिटं आहे गं त्यात," भाची म्हणाली.

"लोकांना ते आत गेल्यावर कळेल."

"आणि काजवाली?"

"हे बघ, मी वाईटपणा घेते. तिचं काम उत्तम झालंय. पण तिला कोण ओळखतं?"

भाचीनं मावशीकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. चार वर्षं एका पारड्यात आणि एक शब्द दुसऱ्या पारड्यात, अशी तिची अवस्था झाली होती. शेवटी ती हळूच म्हणाली, "मावशी, एवढी एकच वेळ. पहिल्या शनिवारी लोक आले पाहिजेत. पुढच्या पोस्टरवर तिला घेऊ."

"पुढचं पोस्टर लागतं का कधी?" मावशीनं विचारलं.

भाची पुन्हा नखं खायला लागली.

मावशीला राग आला. राग आला की ती आवरायला लागायची, तशी टेबलावरच्या चिंध्या गोळा करायला लागली. पाठीचा तुकडा, खांद्याचा तुकडा, कॉलरीचं अस्तर. फोटोवाला अजून मोबाइलवर अंगठा चालवत होता. "खरंच, तिचं सगळं आहे यात," तो पुटपुटला. "कान आहे, मान आहे, कपाळावरची पट्टी आहे. पण नुसते तुकडे आहेत हो."

मावशीचा हात थांबला.

"मग? आजवर मी दुसरं काय केलं? तुकड्यांतूनच माणसं उभी केली की रे. ऊठ. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं जा आणि मी सांगते ते फोटो कागदावर काढून आण. हा, हा, हा... आणि ही मान. तळहाताएवढे हवेत. आणि चिठ्ठ्यांसकट, चिठ्ठी कापायची नाही!"

"मावशी, आपल्याकडं वेळ..." प्रसिद्धीवाली म्हणाली.

"नवरीचे कपडे दोन तासांत उसवून पुन्हा शिवून दिलेत मी. मांडवात बँड वाजत असताना. तू बस. पाणी पी."

पुढचा दीड तास त्या दुकानात जे चाललं त्याला काय म्हणावं? मावशीनं टेबलावर पांढरा कागद पसरला आणि कापडावर काढतात तशी खडूनं बाईची आकृती काढली. काजवालीची मापं तिला तोंडपाठ होती. मग कातर घेतली. दृश्य ३ मधून डावा खांदा आला, दृश्य १४ मधून दोन घड्यांची बाही. मान नवव्या दृश्यातली, तीळ असलेली. कॉलर निम्मी चुरगळलेली आणि निम्मी इस्त्रीची, कारण दोन दृश्यांच्या मध्ये बाईची एक रात्र जागून गेली होती. शिक्का धरलेला हात, छातीवरचा बिल्ला, कोपराला पडलेला शाईचा डाग. भाची इस्त्रीच्या टेबलावरून कधी उतरली आणि टाचण्या द्यायला लागली, तिचं तिलाही कळलं नाही. "नाही, तो नको, त्या दिवशी ती घाबरलेली होती. हा घे, हा नंतरचा." तुकड्यातुकड्यांनी बाई वर चढत गेली. हनुवटी सापडली, कारण तिला एकदा शाई लागली होती. गालावर उशीचा वळ होता, तोही मिळाला. कपाळ पट्टीसकट आलं. डोळे एका चष्म्याच्या काचांतून आले, कारण मावशीनं चष्मा किती खाली घसरलाय हे टिपून ठेवलं होतं, आणि चष्म्यामागं अर्थातच डोळे होते. कधी नव्हे ते डोळे! चिठ्ठी टाचलेली होती : काच धुकट.

"अगं बाई," भाची म्हणाली. "ही तर ती."

फक्त ओठ नव्हते. अकराशे फोटो दोनदा चाळले. ओठांना ना बटण ना घडी, मावशीनं ते टिपलेच नव्हते. हनुवटी आणि नाक यांच्यामध्ये कोरा कागद तेवढा राहिला.

सव्वादोन वाजले होते. चौघंही त्या कोऱ्या जागेकडं बघत उभी होती.

आणि मग, कुणाला वाटलं नव्हतं, पण प्रसिद्धीवाली पुढं झाली. तिनं पिशवीतून सिनेमाच्या नावाची छापील पट्टी काढली, कातरीनं बारीक केली आणि ओठांच्या जागी ठेवली. तक्रार नाही.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"टाचणी द्या," प्रसिद्धीवाली म्हणाली. "आणि या डॉक्टरसाहेबांना पत्रकात शेवटच्या ओळीत घालते मी. दोन मिनिटांना दोन शब्द पुष्कळ झाले."

फोटोवाला स्टुलावर चढला. महिनोन्महिने बंद असलेला खरा कॅमेरा त्यानं डोळ्याला लावला आणि टेबलावर पसरलेल्या बाईचा वरून फोटो काढला. टाचण्या, खडूच्या रेघा, चिठ्ठ्या, सगळं सगळं आलं. चारला सात मिनिटं असताना पोस्टर छापखान्यात पोचलं. छापखानेवाल्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे असंच छापायचंय?"

"असंच," भाची म्हणाली.

बुधवारी पोस्टर लागलं. त्या दिवशी मावशीला अचानक पांढरा दोरा आणायची आठवण झाली. गुरुवारी काळा दोरा संपला. शुक्रवारी तर दोन वेळा दोरा संपला, आणि दुकानातला दोऱ्यांचा डबा मात्र भरून झाकण लागेना. दोऱ्याचं दुकान थिएटरच्या समोर होतं. मावशी रस्त्याच्या पलीकडं उभी राहून बघायची. लोक जाता जाता थबकायचे. आधी लांबून बघायचे, मग जवळ जाऊन चिठ्ठ्या वाचायचे. 'कॉलर चुरगळलेली' वाचून एक म्हातारा आपली कॉलर चाचपत गेला. दोन ऑफिसातल्या बायका 'काच धुकट'पाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग एकीनं दुसरीला विचारलं, "शनिवारी काय करतेयस?" एका वर्तमानपत्रानं पोस्टरचाच फोटो छापला. मोठ्या नटाचा निरोप आला : पोस्टर भन्नाट, माझं नाव थोडं मोठं चाललं असतं.

शनिवारी दहा वाजता तिकिटाच्या खिडकीसमोर नऊ माणसं होती. भाची मोजत होती आणि मोजताना तिचे ओठ हलत होते. सव्वादहाला एकतीस झाली. साडेदहाला रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर आली, आणि भाचीनं मोजणं सोडून दिलं. अकराला दहा मिनिटं असताना थिएटरचे मालक स्वतः बाहेर आले. दोनशे बारा खुर्च्यांचं थिएटर, सकाळच्या खेळाला त्यांनी कधी शंभर पाहिले नव्हते. त्यांनी धूळ झटकून 'हाउसफुल'ची पाटी लावली आणि पाटी सरळ आहे की नाही हे दोनदा मागं होऊन पाहिलं.

काजवाली आदल्या संध्याकाळीच परतली होती. ती आली सगळं गोत घेऊन. नवरा, दीर, दोन जावा आणि तीच ती नणंद. कपडे नेहमीचेच होते, पण हातानं शिवलेले, काजं अशी की बघत राहावं. पोस्टरसमोर सगळे थांबले. नणंदेनं तोंड वाकडं केलं. "यात कुठंय वहिनी? हे तर नुसते कागद आहेत." मग ती जवळ गेली. मानेवरचा तीळ पाहिला. कान पाहिला. कानाची पाळी पाहिली, जिथं लहानपणी डूल ओढून फाटली होती.

"अगं बाई!" नणंद एवढ्या मोठ्यानं ओरडली की अख्खी रांग वळली. "हा तर आमच्या वहिनीचा कान! बघा हो बघा, ही आमची वहिनी आहे! ही इथं उभी आहे!"

मग काय विचारता. लोक पोस्टरकडं बघायचे, काजवालीकडं बघायचे, पुन्हा पोस्टरकडं. कुणीतरी टाळी वाजवली, पाठोपाठ दुसऱ्यानं. प्रसिद्धीवाली कोपऱ्यात उभी होती. मावशीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं. ती हसली, दोन्ही कान पकडले आणि म्हणाली, "ओळखतात हो मावशी. ओळखतात."

खेळ सुटला तेव्हा लोक लगेच पांगले नाहीत. काजवालीभोवती कडं झालं. एका बाईनं तर तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ धरूनच ठेवले. भाची मालकांशी बोलत होती आणि मालक मान हलवत होते, होकारार्थी. नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला कान दाखवत होती. मावशीला वाटलं, आता घरी जाऊन मोठ्यानं रडून घ्यावं, म्हणजे बरं वाटेल.

गर्दी ओसरल्यावर काजवाली पोस्टरसमोर एकटी जाऊन उभी राहिली. मावशी तिच्या शेजारी गेली. काजवाली खालून वर एकेक तुकडा बघत होती, शिवून झालेला कपडा गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी बघतात तसा.

"मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "हा हात माझा नाही."

"कोणता?"

"शिक्क्याचा. मला नखुरडं झालं होतं बघा त्या दिवशी. बोट एवढं सुजलं होतं. तेव्हा हाताचं तेवढं तुम्ही केलंत, माझी बाही घालून. अंगठ्याच्या मुळाशी कातरीचा घट्टा दिसतोय. मला कुठंय घट्टा?"

मावशीनं चष्मा खाली ओढला. दृश्य २२. फोटो जरा तिरका होता, डाव्या हातानं काढलेला. घट्टा दिसत होता. चाळीस वर्षांचा होता तो, लपणार कसा? अठरा दिवस जिनं अर्ध्या इंचाची घडी चुकू दिली नाही, तिनं आपलाच हात दुसऱ्याच्या खांद्याला लावून भिंतीवर टांगला होता. मावशीचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, शब्द दिला होता मी तुला. हे पोस्टर तुझं, सगळं तुझं. थांब, मी आत्ता सांगते, कागद चिकटवून..."

"नको."

"नको काय? चूक ती चूक."

"राहू दे, मावशी." काजवालीनं तिच्याकडं पाहिलं नाही, पोस्टरकडंच पाहिलं. "एवढ्या मोठ्या भिंतीवर मला एकटीला भीती वाटली असती."

मावशी काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात फोटोवाला धावत आला. त्याला धाप लागली होती. दुसरा आठवडा मिळाला होता, आणि संध्याकाळचा खेळही. मालकांना पोस्टर चौपट मोठं करून दर्शनी भिंतीवर हवं होतं.

"छापखानेवाला फोनवर आहे," तो म्हणाला. "मोठं करताना काही दुरुस्ती असली तर आत्ताच सांगा म्हणतोय. मावशी, तुम्ही एकदा बघून घ्या. काही चुकलंय का?"

मावशीनं पदरानं चष्मा पुसला, नाकावर ठेवला आणि पोस्टर वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं जुळतंय."